दारापाशी थांबलेले पाणमांजर

मित्रांनो, मी पाणमांजर आहे. मुंगूस नाही, खार नाही आणि कुत्रा तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण राहुरीकडच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत मला कोणी माझ्या नावाने ओळखलेच नाही.

मी टीव्हीवर खेळायच्या एका जुन्या गेमच्या कॅसेटमध्ये राहतो. त्या गेममध्ये एक लहान मूल झोपते आणि स्वप्नांच्या देशात हरवते. त्याला वाट दाखवत जागे होण्याच्या दारापर्यंत नेणे हे माझे काम. मी बोलतो तेव्हा पडद्याखाली एका चौकटीत इंग्रजी अक्षरे उमटतात. बोलून झाले की मी पंजा उचलून बरोबर वाट दाखवतो.

१९९४ साली आसाराम फिटरने मला नगरहून आपल्या मुलीसाठी, प्रज्ञासाठी आणले. मला फार आनंद झाला. पण वसाहतीतली पोरे जमली आणि मी तोंड उघडले की बटण दाबून चौकट घालवू लागली.

"ए, त्या मुंगसाला गप कर की! लई बडबडतंय."

बटण दाबले की माझा पंजा उचलायचा राहूनच जाई. मग पोरे दलदलीत बुडत आणि वर म्हणत, "गेमच फालतू हाय." काय बोलणार?

माझे ऐकणारी एकच होती. प्रज्ञाची आई, कलाबाई. दुपारची भांडी आवरून ती माझ्यासमोर बसे. तिला इंग्रजी येत नव्हते, तरी चौकट भरेपर्यंत ती बटणाला बोट लावत नसे.

"आई, दाब की!" प्रज्ञा ओरडे.

"बोलणाऱ्याला मधीच तोडू नये, प्रज्ञे. त्यालाबी काही सांगायचं आसंल."

म्हणून माझा पंजा फक्त तिलाच दिसला. ती सगळ्यांच्या पुढे गेली. पण आमचा गेम कुठे साठवून ठेवता येत नसे. वीज गेली की सारे पहिल्यापासून. मी पुन्हा पुन्हा तीच वाट दाखवून वैतागलो. ती वैतागली नाही. शेवटी आसारामने गेमच्या डब्याला टॉर्चचे सेल जोडून दिले.

"घे, आता लाईट गेली तरी तुझं मुंगूस जागंच राहील."

कलाबाई दारापर्यंत पोचली, त्याच दुपारी तिला चक्कर आली. जीपमध्ये बसवताना ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, गेम बंद करू नका. मी आल्यावर दार उघडते."

नगरच्या दवाखान्यातून ती परत आली नाही.

पाहुणे गेले. आसाराम ना कामावर जाई, ना नीट जेवे. प्रज्ञाने वाढलेले ताट तसेच उचलावे लागे. तो माझ्यासमोर बसून राही आणि सेल उतरायच्या आत बदली. दार समोर होते. उघडले की गेम संपणार, म्हणून तो उघडत नव्हता. आणि मी? माझ्याकडे शेवटचे एकच वाक्य होते: दार उघड, जागा हो. त्याने बटण दाबले की मी तेच म्हणे. चिडून चिडून म्हणे. त्याला ते वाचताही येत नव्हते.

एकदा त्याने विचारले, "प्रज्ञे, काय म्हनतंय गं हे?"

तिने चौकट वाचली. मग बापाच्या तोंडाकडे पाहिले.

"दमानं घ्या म्हणतंय, आण्णा. दार कुठं पळत न्हाई. आधी दोन घास खाऊन घ्या, म्हणतंय."

"इतकं समदं म्हनतंय?"

"व्हय. आई उगंच का ऐकत बसायची त्याचं?"

मित्रांनो, माझा तोल सुटला. जन्मभर कलाबाईवाचून कोणी माझे ऐकले नाही, आणि एकाने विचारले तर माझ्या तोंडी भलतेच घातले! मी असे म्हणालोच नव्हतो.

पण आसारामने हात धुतले आणि तो ताटावर बसला.

तेव्हापासून माझा राग प्रज्ञावर नाही, मला घडवणाऱ्यांवर आहे. त्यांनी मला दलदल शिकवली, वाटा शिकवल्या, दार शिकवले. दारापाशी बसून राहिलेल्या माणसाशी काय बोलावे, ते मात्र दिले नाही. तुमच्यातले कोणी मोठेपणी असे गेम बनवील. त्याने आपल्या प्राण्याला प्रज्ञाचे ते वाक्य जरूर द्यावे. तेही जमले नाही, तर त्याला नुसते माणसाच्या शेजारी बसता यावे. चौकट रिकामी राहिली तरी चालेल.