जयवंताची बकुळ, नत्थूचा हात

सिंदीच्या बगीच्यात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. झोपाळे रिकामे, घसरगुंडीवर चपलांचा ढीग आणि सारी गर्दी एका झाडाभोवती. झाडाच्या अंगावर लाल धारा उतरल्या होत्या; गडद, चिकट, थेट रक्तासारख्या. बाया पदर पसरून गात होत्या :

झाडाच्या गं पोटामंदी जयवंता माही माय,
घाव लागे डहाळीले, रगत वाहू वाहू जाय.

जयवंता म्हणजे चंद्रभान गुरुजींची बायको. अकरा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा गुरुजींनी रीतसर परवानगी काढून तिच्या आठवणीत इथं बकुळ लावली. बुंध्याशी जमिनीत रोवलेली पाटी होती : ‘स्व. जयवंता. बकुळ.’ गुरुजींनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. आणि आता तेच पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते.

झालं असं, की झाडाची एक फांदी विजेच्या तारेला घासत होती. पंपघराजवळच्या दुसऱ्या झाडाचीही घासत होती. वृक्ष समितीनं दोन्ही फांद्यांची छाटणी मंजूर केली, नोटीस लागली आणि बगीच्याच्या माळ्यानं, नत्थूनं, पहिल्या फांदीला करवत लावली. फांदी पडली आणि कापल्या जागेतून लाल पाझर सुटला.

“बाईले कापलं गा यानं!” कुणीतरी ओरडलं.

गुरुजी धावत आले. त्यांनी धार पाहिली, पाटी पाहिली. बुंध्यावर कपाळ ठेवून ते लेकरासारखे रडले.

तेवढं पुरलं. “सायन्सवाल्या गुरुजीनं डोकं टेकवलं, आता अजून काय पायजे?” असं जो तो म्हणू लागला.

तिसऱ्या दिवशी अरण्यनाथ महाराज उगवले. अंगात भगवी कफनी, मनगटावर काळं घड्याळ, त्यात त्यांची पावलं मोजली जात. त्यांनी बगीच्याच्या नियमांच्या फलकावर आपलं बॅनर ताणलं आणि तोंड उघडलं.

“आत्मा मुळातून चढते, खोडातून फिरते, फांदीतून बोलते! सायन्सनं टॉवर शोधला, पण नेटवर्क कोनाचं हाय ते नाई शोधलं!”

“पन महाराज, रोज ताजं रगत कसं येते?” एका बाईनं विचारलं.

“रोज ताजी श्रद्धा येते मनून, माय!”

टाळ्या पडल्या. मग महाराजांची नजर नत्थूवर गेली. “ज्या हातानं माउलीले घाव घातला, तो हात वाळन!”

दुसऱ्या सकाळी नत्थूची बोटं मिटेनात. दवाखान्यात डॉक्टरांनी हात उलटापालटा करून पाहिला, हाताला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. पण बोटं काही मिटली नाहीत. नत्थूनं हात गमच्यात बांधून गळ्यात टांगला. काम सुटलं. बायको त्याला घास भरवू लागली. रस्त्यानं जाताना पोरंटोरं विचारत, “काय गा नत्थूकाका, वाळला का पुरा?”

गुरुजींच्या कानावर हे सारं येत होतं. नत्थूसाठी तोंड उघडायचं, तर जयवंता झाडात नाही असं म्हणावं लागणार होतं. तेवढं मात्र त्यांच्यानं होईना.

अकराव्या दिवशी सकाळी बगीचा झाडणाऱ्या रामबाईनं बुंध्याशी बसलेल्या गुरुजींसमोर झाडू आडवा धरला. तिचा बाप जंगलात लाकूडकटाईवर होता. झाडं तिला माणसांसारखी ओळखू यायची.

“गुरुजी, तुमी शिकेल मानूस. या बिजाच्या झाडाच्या पाया काऊन पडून राह्यले जी?”

“बिजा नाई, रामबाई. बकुळ आहे ही.”

“बकुळ? अकरा सालात एक तरी फूल वेचलं का?”

पानं बकुळीची नाहीत हे गुरुजींना कधीचं कळत होतं. विचारायचं धाडस झालं नव्हतं.

“तुमची बकुळ पह्यल्याच उन्हाळ्यात मेली,” रामबाई हळू आवाजात म्हणाली. “तुमी पोरीकडं गेलते. गुरुजीले पाहवनार नाई मनून नत्थूनं बिजाचं रोप आनून लावलं. बिजाले घाव बसला का लाल पानी निघतेच. आमच्याकडं लहान लेकरालेबी मालूम हाय.”

“मग हे रोज ताजं...?”

तिनं नुसतं बोट दाखवलं. बुंध्यात खिळेच खिळे होते. महाराज रोज आरतीला नवा हार टांगत आणि हारासाठी रोज नवा खिळा ठोकत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, शंखाच्या आवाजात.

गुरुजी तसेच उठले आणि नत्थूच्या दारात गेले.

आरतीला गर्दी जमली तेव्हा गुरुजी पंपघराजवळच्या झाडाला शिडी लावून चढलेले, हातात करवत. खाली नत्थू, गळ्यात गमचा.

“हे झाड ओळखून ठेवा,” गुरुजी वरून म्हणाले. “त्याच जातीचं आहे. याच्यावर कोणाचं नाव नाही. मंजुरी आहे, मी फांदी कापतो. वाळला तर माझा हात वाळेल.”

“अनर्थ होईन!” महाराज गरजले.

गुरुजींनी वरूनच करवत चालवायला सुरुवात केली. फांदी करकरली, झुकली, खालची साल ताणली जाऊ लागली.

“अवं अशानं साल सोलन ना जी बुडापर्यंत!” नत्थू कळवळून ओरडला. “आधी खालून चीर पाडा! उतरा, उतरा तुमी!”

गुरुजी उतरले आणि तो शिडीवर होता. गमचा खाली पडलेला. उजव्या मुठीत करवत. खालून चीर, मग वरून काप. फांदी अलगद सुटली. कापल्या जागेतून लाल धार निघाली आणि त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली.

नत्थू आपल्याच मुठीकडे पाहत राहिला.

“ही कोनाची माय मनायची आता?” रामबाईनं खालून विचारलं. एक बाई फिसकन हसली, मग दुसरी.

गुरुजींनी बॅनर ओढून काढलं. खालच्या फलकावर लिहिलं होतं : झाडाला खिळा ठोकू नये.

“हा बिजाचा डिंक आहे,” ते म्हणाले. “सालीला जखम झाली की लाल वाहतो, हवेत वाळून काळा पडतो. पहिल्या दिवशी करवतीनं वाहिला, नंतर रोज या खिळ्यांनी.”

महाराजांनी मोबाइल कानाला लावला आणि फोन वाजलेलाच नसताना “हो हो, निघालो” म्हणत फाटक गाठलं.

गुरुजी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांची नजर वर उठत नव्हती.

“त्या बाबाला नावं ठेवू नका. त्याच्या आधी मी डोकं टेकवलं, म्हणून तुम्ही टेकवलं. बिजाचा डिंक लाल असतो, हे मी मुलांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे. पण मला ती हवी होती, म्हणून मी पाहिलं नाही. ज्यानं माझं दुःख झाकलं, त्याचाच हात आठवडाभर बांधलेला पाहत राहिलो. नत्थू, हे माझ्या हातून झालं.”

“जाऊ द्या ना जी,” नत्थू पुटपुटला.

“नाही, जाऊ देऊ नको. तुम्ही कोणीच जाऊ देऊ नका. उद्या कोणी म्हणालं, अमक्याच्या हाताला पाप लागलं, तर आधी त्याला विचारा, कसं लागलं, कुठं लागलं, दाखव. समोर बाबा असो, गुरुजी असो, की रडणारा माणूस असो. रडणाऱ्याला तर आधी विचारा. मला त्या दिवशी कोणीच विचारलं नाही.”

एवढं बोलून ते बिजाजवळ गेले आणि पहिला खिळा बोटांनीच उपटू लागले. निघेना. नत्थूनं पक्कड आणली, उजव्या हातात घट्ट धरली आणि खिळे एकेक करून ओढून काढले.