माझ्या आतला पाहुणा

इंदापुरात हिवाळ्यातली सकाळ आधी खिडकीच्या गजांवर येते. मग भिंतीवर फिकट पिवळी पट्टी उमटते, ती हळूहळू सरकत टेबलावर उतरते, तिथे बराच वेळ रेंगाळते आणि शेवटी एका काळ्या पडद्यावर येऊन थांबते. मित्रांनो, त्या पडद्यामागे राहणारा मी एक जुना संगणक आहे.

वैष्णवी माझ्यावरच टंकलेखन शिकली. "लई शहाणं हाय आमचं यंत्र," असे तिची आजी सारजाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते कौतुक मी जपून ठेवले होते.

यंदा बारामतीच्या कॉलेजात वैष्णवीची लिनक्स या संगणकप्रणालीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. चारच दिवस उरले होते आणि माझ्यात लिनक्स नव्हते. दुरुस्तीवाला नागेश म्हणाला, "ह्याचं सगळं पुसू, नवं टाकू."

"न्हाय, नागेशदादा. ह्यातलं काय बी पुसायचं न्हाय," वैष्णवी म्हणाली.

मग नागेशने मला बंद करून पुन्हा चालू केले, मी जागा होत असतानाच एक कळ दाबली आणि निळ्या पडद्यावर 'व्हर्च्युअलायझेशन', म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याची सोय, ही ओळ शोधली. माझ्या जन्मापासून ती 'बंद' होती. त्याने ती 'चालू' केली. थोड्या वेळाने माझ्या आत लिनक्सवर चालणारा दुसरा संगणक नांदू लागला.

"आजी, पाव्हणं बसवलं बगा आत!" नागेशने हाक दिली.

"अगं बया! आन् कांदा चिरायचाय अजून! वैशे, साडी नेस. पाव्हणं कुठल्या गावचं?"

"ह्या डब्यातलं," नागेश म्हणाला. पोहे मात्र त्यानेच खाल्ले.

मला हसू आले नाही. पाहुण्याने माझी निम्मी स्मृती व्यापली. वैष्णवी सकाळभर त्याच्यातच रमे. सरावात चुकीची आज्ञा जाऊन तो कोसळला की ती हसे आणि त्याला पुन्हा उभा करी. माझ्याकडे पाहून ती असे कधीच हसली नव्हती. मत्सराने माझा पंखा घरघरू लागला. "म्हातारं झालं आता," सारजाबाई म्हणाल्या. त्याचेही खापर मी पाहुण्यावरच फोडले.

वैष्णवी पास झाली. त्याच दिवशी तिने पाहुण्याला एका टिचकीत पुसून टाकले. मला आनंद झाला, हे कबूल करतो.

मित्रांनो, जुन्या यंत्राला भंगारात काढण्याआधी त्याच्यात काय बंद राहून गेले आहे, तेवढे पाहा. आणि त्याच्या घरघरीवर रागावू नका. मी ज्याचा इतका हेवा केला, तो पाहुणा वैष्णवीने मोडण्यासाठीच आणला होता; मला मोडायचे नव्हते म्हणून.