झाडपाल्याची क्रीम

हसनाबादच्या पेठेत कौसल्येचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान होतं, आणि आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ द्यायचं नाही अशी तिची जीभ होती. १९९८ साली सर्जेराव नावाचा विक्रेता जालन्याहून हिरव्या डब्यांतली क्रीम घेऊन आला. डबीवर पानं, फुलं, एक हसरी बाई आणि खाली छापलेलं, ‘शंभर टक्के वनौषधी, अपाय नाही.’ वनौषधी हा शब्द काही कौसल्येच्या तोंडात बसेना. तिनं तो सोपा करून घेतला.

“झाडपाल्याची आहे, बाई. लिंब, हळद, कोरफड. इंग्लिश औषधाचा थेंब न्हाई हिच्यात.”

असं सांगताना ती खोटं बोलत नव्हती. तिला खरं कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं.

आठ-पंधरा दिवसांत पोरींचे चेहरे असे उजळले, की त्यांच्या आयाही लाजत-मुरडत डब्या न्यायला लागल्या. कौसल्या स्वतः लावायचीच. नवरा गेल्यापासून तिचं आरशाशी फारसं जमत नव्हतं, ते पुन्हा जमायला लागलं.

मागच्या गल्लीतल्या साळूबाईला ती आक्का म्हणायची. आक्काची बेबीनंदा लग्नाची होती. रंगावरून तिची चांगली स्थळं परत गेली होती. क्रीम लावायला लागली आणि बदनापूरचं स्थळ जमलं. वैशाखात हळद लागायची होती. “माझ्या बेबीचं कौसल्यानं जमवलं,” असं साळूबाई भेटेल त्याला सांगत सुटली.

चैत्रात मात्र माल यायचा बंद झाला. डबी संपली तशी बेबीच्या तोंडावर बारीक लाल पुरळ उठलं आणि त्याची आग आग व्हायला लागली. ऊन कडक, दिवस देवीचे. घरानं दुसरा विचारच केला नाही. देवीआई अंगावर आल्या, म्हणाले. दाराला कडुलिंबाचा टहाळा लागला, फोडणी बंद झाली. डॉक्टरचं तर नाव काढायचं नाही, कारण आई घरात असताना औषध केलं की ती कोपते. गावात आणखीही दारांना टहाळे दिसायला लागले. कौसल्येच्याही गालांना आग सुटली होती. ती पदर तोंडावर ओढून गल्ल्याशी बसायची आणि मनात आईचं नाव घ्यायची.

अखेर सर्जेराव माल घेऊन आला. तिनं त्याला पुरळाचं सांगितलं.

“बंद केली का उठतंच,” तो सहज म्हणाला. “पुन्हा लावा, बसतं बराबर.”

“झाडपाल्यानं कसं उठंल?”

सर्जेराव हसला. “बाई, नुसत्या पाल्यानं कुणी गोरं झाल्तं का कधी? खरजेचं इंग्लिश मलम मिसळत्यात आत. तुम्ही बिनघोर विका. गाव देवी म्हणून राह्यलंय, तुमच्यावर कोण बोट ठिवतंय?”

तो गेला. कौसल्या बसून राहिली. त्याचं म्हणणं खरंच होतं. तिचा सगळा दोष आईनं आपल्या अंगावर घेतला होता. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची शरम वाटली. उद्यापासून विकायची बंद करू, बोलायचं काही नाही, असं तिनं ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात साळूबाई आली. “माल आला म्हणं? बरं झालं माय. डाक्टर चालत न्हाई, पण तुझी झाडपाल्याची आईला चालती. भगताला इचारून आले.” गल्ल्यावरची एक डबी तिनं स्वतःच उचलली आणि ती लगबगीनं निघाली. कौसल्या गल्ल्यावरून उठली. मग दुकान तसंच उघडं टाकून ती मागं धावली.

आई आलेल्या घरी दारात पाय धुवायचा रिवाज होता, तोही ती विसरली. आत बेबी भिंतीला टेकून बसली होती. साळूबाईचं बोट क्रीममध्ये बुडालेलं. कौसल्येनं तिचं मनगट धरलं.

“आक्का, लावू नको. ह्या आई न्हाईत. हे माझ्या डबीनं झालंय. इंग्लिश औषध आहे हिच्यात.”

“कौसल्ये!” साळूबाईनं मोकळ्या हातानं गालांवर मारून घेतलं. “आईला नाव ठिवू नको.”

कौसल्येनं पदर मागं सारला. तिचे लाल, दाणेदार गाल बघून साळूबाई मागं सरली आणि तिच्या पायावर वाकली. “आये, तू हितंबी आलीस? लेकीचं लग्न आहे. चुकलं-माकलं पोटात घाल.”

कौसल्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्कानं दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

बेबी उठली. तिनं कौसल्येची हनुवटी वर केली, निरखून पाहिलं, मग स्वतःच्या जबड्याखालून बोट फिरवलं.

“माय, ऊठ. आई अंगभर फिरती. ही दोघींच्या हनुवटीपाशीच कशी थांबली? डबी पुरावी म्हणून मी गळ्याला लावतच नव्हते.”

साळूबाई जमिनीवरच बसली आणि बोटाची क्रीम पदराला पुसायला लागली.

“भोकरदनला डाक्टर आहे,” कौसल्या म्हणाली. “जल्दी निघू. मी येते संगं.”

“मावशी, वैशाखापत्तोर जाईल ना हे?”

“मला ठाऊक न्हाई, बेबी.”

“जाईल म्हण की,” बेबीचे डोळे भरून आले. “तू म्हणलीस का खरं वाटतं.”

जाईल, हा शब्द कौसल्येच्या ओठांवर तयारच होता. इतकी वर्षं तो गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच बाहेर पडायचा. तिनं ओठ घट्ट मिटले, बेबीचा हात धरला आणि तिला उन्हात बाहेर घेऊन आली.