आशीर्वाद संपेपर्यंत हात खाली नाही

नारिन शहरातल्या आमच्या रेडिओ केंद्राने आद्य प्रवर्तकांचा गौरव करायचं ठरवलं. प्रवर्तकांपैकी जिवंत एकच, पहिल्या निवेदिका सायकाल आपा. मानाचे मखमली झगे मात्र भरपूर शिवले होते. पहिला उपराज्यपालांना, दुसरा मेजवानीच्या मेंढ्या देणाऱ्या व्यापाऱ्याला, आणि तिसरा आमचे संचालक केंजेबेकसाहेब यांच्या दिवंगत वडिलांना. तो साहेबांनीच अंगात घातला. वडील केंद्रात आले तेव्हा खिडक्यांना पडदे लागून चहाचा समोवारही उकळत होता, तरी फलकावर संस्थापक तेच.

आपा सकाळीच मला म्हणाल्या होत्या, "पोरी, मला झगाबिगा नको. तुर्दाकुनचं नाव तेवढं एकदा रेडिओवर येऊ दे. तारेवरचा बर्फ झाडायला तो खांबावर चढायचा. मी खालून विचारायचे, 'तुर्दाकुन, ऐकू येतंय का रे?' की वरून हातोडीचे दोन ठोके. एका हिवाळ्यात तिथूनच पडून गेला. माझा आवाज गावोगाव गेला, त्याचं नाव कुणी घेतलं नाही."

आपांना माइकवर तेवढं नाव घेऊ द्याल का, असं मी साहेबांना विचारलं.

"त्या बाई बोलायला लागल्या की थांबतात का?" साहेब म्हणाले. "आणि तुझ्या त्या तुर्दाकुनचं कुणी येणार आहे का आज? नाही ना? मग झालं तर!"

भाषणं झाली. उपराज्यपालांनी रेडिओऐवजी दूरदर्शनच्या आद्य प्रवर्तकांना वंदन केलं. टाळ्या पडल्या. थेट प्रक्षेपणाचं बटण माझ्या हातात होतं, म्हणून त्या टाळ्याही मीच गावोगाव पोचवल्या.

शेवटी मटण आलं, आणि उठण्याआधीचा आशीर्वाद राहिला. तो सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानेच द्यायचा. साहेबांनी हसून माइक पुढे सरकवला. "आपा, दोनच शब्द हं."

सगळ्यांनी छातीपुढे तळवे उघडले. वडीलधारं माणूस शेवटचं 'ओमिन' म्हणेपर्यंत ते खाली घ्यायचे नसतात, मग तुम्ही उपराज्यपाल असा नाहीतर आणखी कुणी.

"पोरांनो," आपांनी सुरुवात केली, "बर्फात खांबावर चढणारा तुर्दाकुन ज्यांना आठवतो, त्यांचं घर भरलेलं राहो. ज्यांना आठवत नाही, त्यांना आजपासून आठवो. मागून येऊन पहिले म्हणवणाऱ्यांना देव लाज देवो. फार नको, झेपेल एवढीच."

प्रक्षेपण तोड म्हणून साहेबांच्या भुवया माझ्याकडे बघून थयथय नाचायला लागल्या. हात अडकलेले, बिचारे करणार काय? माझेही तळवे उघडेच होते. आशीर्वाद चालू असताना बटण कसं दाबणार, मी काय अधर्मी आहे?

उपराज्यपालांच्या ताटातली चरबी थिजली, तरी आपा तुर्दाकुनचं नाव घेत होत्या. मग त्या थांबल्या. जुन्या, स्वच्छ, निवेदिकेच्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुर्दाकुन, ऐकू येतंय का रे?"

कुणी हललं नाही. आपा माइककडे बघत वाट पाहत राहिल्या.

मी हात खाली घेतला आणि टेबलावर दोन ठोके दिले.

"ओमिन," आपा म्हणाल्या.