पाचव्या पानाची वाट

लिफ्टवाल्याला नेमकं हवं ते पान येतं कसं, हा प्रश्न मास्तरांना दोन रविवार छळत होता.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे. दुकानाच्या मागच्या खोलीत, कापड कापायच्या लांब टेबलावर, दर रविवारी दुपारी त्यांचा पोकरचा डाव बसायचा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर उघडत जाणारी पाच सगळ्यांची, आणि त्यांतून पाच पानं जुळवायची. शेजारचे दातांचे डॉक्टर, छापखान्यातला बायंडर, मास्तर स्वतः आणि तीन महिन्यांपासून हा लिफ्टवाला. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, वय चाळिशीचं, बोलणं मोजकं. डाव शर्टाच्या बटणांवर चालायचा. ज्याची बटणं आधी संपतील त्यानं चहा सांगायचा.

म्हणजे मास्तरांचा जीव बटणांत अडकलेला नव्हता. धाकट्या बहिणीत होता. नवरा गेल्यापासून ती दादाच्या दुकानात काजं करत होती आणि आता तिला या लिफ्टवाल्याशी लग्न करायचं होतं. "माणूस जरा पारखू दे," म्हणून मास्तरांनीच त्याला डावाला बोलावलं होतं.

मास्तर हातात मोठी जोडी आल्याशिवाय बटणाला हात लावायचे नाहीत. हा गडी मात्र इस्पिकची सत्ती-अठ्ठी घेऊनही आत शिरायचा. टेबलावर आणखी दोन इस्पिक उघडले की चार झाले. पाचव्याची वाट बघत स्वस्थ बसायचा. एकाच रंगाच्या चार पानांना कवडीची किंमत नाही, आणि पाचवं आलं की सगळ्यांना गुंडाळून टाकणार. गेल्या रविवारी ते आलं. त्याच्या आदल्या रविवारीही आलं. दोन्ही वेळा मास्तरांचे राजे तोंडावर पडले.

'नशीब असं कुणाच्या खिशात राहत नाही,' मास्तर मनात म्हणाले. 'हाताची सफाई आहे. आणि हा माणूस माझ्या घरात येणार?'

मधल्या आठवड्यात त्यांनी पत्त्यांचा कॅट दिव्याखाली धरून पानन् पान तपासलं. अस्तराचा पोत बघावा तशी बोटं फिरवली. इस्पिकच्या एक्क्यामागे एक बारीक ओरखडा सापडला तेव्हा त्यांनी ते पान बाजूला काढून ठेवलं. पण तसाच ओरखडा चौकटच्या दुर्रीवरही होता. तरी मन मानेना. त्यांनी गुपचूप कोरा कॅट आणला.

रविवारी तो सगळ्यांसमोर फोडला. "आज मीच पिसणार, मीच वाटणार. जुना कॅट फार मळलाय," ते म्हणाले. डॉक्टरांनी भुवई उंचावली. बहीण खिडकीशी काजं करत बसली होती.

मास्तरांची नजर पानांवर कमी आणि लिफ्टवाल्याच्या मनगटांवर जास्त होती. दिवेलागणीला एक मोठा डाव जमला. डॉक्टरांकडे तीन राजे होते. चौघेही टिकून होते, मधे बटणांचा ढीग झाला होता. लिफ्टवाल्यानं दोन बटणं पुढे सरकवली. मास्तरांनी स्वतःच्या हातानं शेवटचं पान उलटलं. इस्पिक.

लिफ्टवाल्यानं पानं दाखवली. पाच इस्पिक.

"बाह्या वर करा," मास्तर म्हणाले.

लिफ्टवाल्यानं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, हात टेबलावर उताणे ठेवले. ग्रीस मुरलेले, रिकामे हात. मग बाह्या खाली घेतल्या, बटणं लावली आणि निघून गेला.

"दादा, झालं समाधान?" बहीण उठली. "आज ते नऊ वेळा चार पानांवर अडकले. पाच वेळा महाग पडतंय म्हणून पानं टाकून दिली. दोनदा शेवटपर्यंत टिकून हरले. दोनदाच पाचवं आलं. तुला फक्त आलेलंच दिसतं."

"तू मोजत होतीस?"

"तूच एकटा पारखतोस होय? मलाही बघायचं होतं, हा माणूस कुठे थांबतो ते."

बायंडर हळूच म्हणाला, "मास्तर, पाचही वेळा त्यांनी टाकलेली पानं तुमच्या समोरच उघडी पडली होती."

मास्तरांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ते एका उंच इमारतीत गेले. लिफ्टवाला लिफ्टखालच्या खड्ड्यात उभा राहून दोर तपासत होता.

"चुकलो मी," मास्तर वरून म्हणाले.

"संशयाचं काही नाही हो," तो खालूनच बोलला. "मीही रोज दोरावर संशय घेतो. पण जे वाटतं ते तिथल्या तिथे बोलतो. तुम्ही पंधरा दिवस हसून चहा पाजलात, आणि मग चारचौघांत बाह्या वर करायला लावल्या."

"रविवारी याल?" मास्तरांनी विचारलं.

"बघतो."

तो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी डॉक्टर आणि बायंडर दोघांना घेऊन त्याच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर माफी मागितली, तेव्हा कुठे तो परत टेबलाशी बसला. पावसाळा सरल्यावर लग्न झालं. मास्तरांनी नवरदेवाचा कोट स्वतः शिवला.

अजूनही टेबलावर दोन इस्पिक उघडले की मास्तरांची नजर आपोआप त्याच्या हाताकडे वळते. लिफ्टवाल्याच्या ते लक्षात येतं. तो मास्तरांकडे बघतो, मास्तर ओशाळतात आणि म्हणतात, "टाकून द्या पानं, भावोजी."

तो बहुतेक वेळा देतोच टाकून.