एकोणीस रात्रींची काच

वेधशाळेत तिला सगळे घाईबाई म्हणायचे. नाव सरांनी ठेवलेलं. पंचवीस वर्षांपूर्वी ती त्यांच्या हाताखाली शिकायला आली, तेव्हा गणित संपायच्या आत उत्तर सांगून मोकळी व्हायची. आता केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

गेली सहा वर्षं ती एका शेजारच्या दीर्घिकेचं अंतर मोजत होती. शेजारची म्हणजे तीसेक लाख प्रकाशवर्षांवरची. तिथले काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात, मंदावतात, पुन्हा उजळतात. ज्याची फेरी लांब, तो मुळातच जास्त तेजस्वी. फेरी मोजली की खरं तेज कळतं, आणि इथून तो किती मिणमिणता दिसतो ते पाहिलं की अंतर निघतं. सांगायला सोपं. करायला मात्र तेच तारे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. त्यातल्या सगळ्यांत संथ ताऱ्यांसाठी तिची सगळी मदार सरांनी तरुणपणी घेतलेल्या एकोणीस रात्रींच्या नोंदींवर होती.

आणि तिथेच माशी शिंकली. वेध घेताना दुर्बिणीच्या कॅमेऱ्यापुढे तांबडी काच लावत. या नोंदी घेतल्या त्याच वर्षी केव्हातरी सरांनी जुनी काच काढून नवी बसवली होती. नवीतून प्रकाश जरा जास्त यायचा. नोंदवहीत एकोणीसही रात्रींपुढे एवढंच होतं : ‘काच तांबडी, नेहमीची.’ जुनी धरली तर दीर्घिका दीड लाख प्रकाशवर्षं अलीकडे यायची, नवी धरली तर तितकीच पलीकडे. मूळ छायाचित्रं तळघरात नळ फुटला तेव्हा भिजून लगदा झाली होती. दुर्बीण मोडीत गेली होती. सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता.

“ये बाई, पण फार आशा ठेवू नकोस,” सरांच्या पत्नी, काकू, फोनवर म्हणाल्या होत्या.

सर खिडकीपाशी बसले होते. दाढी नीट केलेली, स्वेटरची बटणं एक घर चुकलेली.

“बसा,” ते म्हणाले. “आपण कोण?”

“सर, मी. घाईबाई.”

“असं होय,” ते हसले. पाहुण्याचा मान राखण्यापुरतं. ते तिला कधीच ‘तुम्ही’ म्हणाले नव्हते.

तिने वही त्यांच्या मांडीवर उघडून ठेवली. स्वतःचं अक्षर पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी तिला उजळणाऱ्या ताऱ्यांबद्दल सगळं समजावून सांगितलं. अथपासून इतिपर्यंत, कुठेही न अडखळता. वर्गात सांगायचे तसंच. तिनेही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावली.

“आणि सर, या रात्री काच कुठली होती?”

“तांबडी.”

“जुनी की नवी?”

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. “नेहमीची,” ते म्हणाले, आणि आपलं उत्तर पुरलं नाही हे त्यांनाच कळलं. “मला माहीत आहे हो ते. मला माहीत आहे!” ते वहीची पानं भराभर उलटू लागले.

काकूंनी वही हळूच काढून घेतली. “पुरे आता,” त्या म्हणाल्या. नवऱ्याला की तिला, कोण जाणे.

ती आणखी चार वेळा गेली. एकदा काचांच्या जुन्या पेट्या घेऊन, एकदा दुर्बिणीचे फोटो घेऊन. पाचव्या खेपेला काकू दारातच म्हणाल्या, “तू गेलीस की ते दिवसभर कपाटं उपसत बसतात गं. काय शोधतात ते त्यांनाही ठाऊक नसतं.” त्यानंतर तिने विचारणं सोडलं.

“काढून टाक त्या रात्री,” सहकारी म्हणाला. “खात्री नसलेला आकडा घेता येत नाही, हे त्यांनीच शिकवलंय ना आपल्याला?”

तिने एकोणीस ओळी निवडल्या आणि पुसल्या. अंतर तीस लाखांच्या आसपासच राहिलं, फक्त त्यापुढे लिहायची संभाव्य चूक दुप्पट झाली. शोधनिबंध छापून आला. आभारांत सरांचं नाव होतं.

छापील प्रत द्यायला ती एका दुपारी गेली. सरांनी चष्मा लावून शेवटचा तक्ता पाहिला आणि भुवया उंचावल्या.

“एवढी मोठी चूक? कोणी केलंय हे?”

“मी, सर.”

“जुन्या नोंदी घ्यायच्या ना! कोणीतरी पूर्वी वेध घेतलेच असतील. त्यांना जाऊन विचारा. असे लोक आनंदाने सांगतात.”

काकू चहाचे कप तसेच ठेवून आत निघून गेल्या.

“विचारते,” ती म्हणाली.

सरांनी समाधानाने मान हलवली आणि प्रत तिला परत केली.