शिवणीतली माया

"बे एके बे!" भिंतीपलीकडे पहिलीच्या वर्गाने सूर लावला आणि भिंतीअलीकडे, शाळेच्या स्वयंपाकघरात, मावशीने दोनदा चावले. "बे दुणे चार!" पुन्हा दोनदा. तोंडात उकडलेल्या बटाट्याची फोड होती, करंगळीच्या नखाएवढी. पोरे "बे दाही वीस"पर्यंत पोचली तेव्हा तिचा पार लगदा झाला होता. मावशीने डोळे मिटून तो गिळला आणि वाट बघत बसली.

प्रत्येक घास वीस वेळा चावायचा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मोजणी मध्येच चुकते म्हटल्यावर पहिलीच्या म्हाताऱ्या बाईंनी युक्ती दिली. "ओळीला दोन. पाढा संपला की गिळायचं. आणि चुकलीस तर पहिल्यापासून, आमच्याकडे सवलत नाही."

"आलं का?" ठेंगणीने विचारले. ही स्वयंपाकघरातली मदतनीस. उंची कमी, घेर भरपूर.

"येईल. आपला पाहुणा वेळेचा पक्का आहे."

आला. डाव्या बरगडीखाली आधी चिमटा, मग ओले कापड पिळावे तशी पिळणी, थेट पाठीपर्यंत. मावशी बटाट्याच्या पोत्यावर बसली आणि तिने टेबलाचा पाय घट्ट धरला. ताटात सूप, पाव, बटाटे, सगळे जवळजवळ तसेच होते.

त्याला शाळेत चवीचे ताट म्हणत. मुलांच्या जेवणाची घंटा व्हायच्या अर्धा तास आधी स्वयंपाकिणीने मुलांएवढेच ताट पूर्ण संपवायचे आणि वहीत सही करायची, असा नियम. शिजवणारीच्या पोटात गेल्याशिवाय मुलांच्या पोटात काही जायचे नाही. एकोणीस वर्षे मावशीने हा नियम आनंदाने पाळला होता. पाळता पाळता ती एकशे अठरा किलोंची झाली, हीही तिचीच थट्टा. छोटी पोरे तिला मिठी मारत, तेव्हा त्यांचे हात पाठीमागे एकमेकांना भेटत नसत. दोन पोरे दोन्हीकडून मिठी मारत आणि म्हणत, "आता पुरली!"

मग गुडघे गेले. स्वयंपाकघराच्या चार पायऱ्यांवर ती दोनदा पडली, एकदा गरम पातेल्यासकट. वजन उतरले नाही तर हे काम सोडा, असे डॉक्टर म्हणाले. काम सुटू नये म्हणून तिने पोट कापून लहान करून घेतले. वजन उतरले, गुडघे उभे राहिले. आता पायऱ्या ती भराभर चढते. फक्त वर जाऊन जे काम करायचे, तेच होत नाही.

"दे इकडे ते ताट," ठेंगणी म्हणाली. "तू सही कर, मी गिळते. माझं पोट काय, गोदाम आहे."

गेले आठ महिने हेच चालले होते. मावशी तीन घास खाई, उरलेले ठेंगणी संपवी, सही मावशीची होई.

*

मावशीचा नवरा शिंपी. शाळेने दिलेला तिचा निळा कोट त्याने चौदा महिन्यांत चार वेळा आत घेतला होता. चौथ्या वेळी मावशी मशीनशेजारी उभी होती.

"अहो, बगलेत नुसता गठ्ठा झालाय. कापून टाका ना जास्तीचं."

"माया आहे ती. ठेवावी लागते." शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात.

"इतकी?"

"अंग भरलं परत, तर सोडायला नको? कापलेलं काय जोडता येतं?"

"माझं पोट कापताना नव्हतात बोलला असं."

तो हसला नाही. सुईत दोरा ओवायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला.

डॉक्टरांकडे तोही बरोबर येई. नळी घालून दोनदा तपासले, फोटो काढले, औषधे बदलली. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी सगळे कागद टेबलावर पसरले. "टाके व्यवस्थित आहेत, जखम नाही, अडथळा नाही."

"मग दुखतं ते?" नवऱ्याने विचारले.

"दुखतंय, हे मी नाकारत नाही. काही जणांना होतं असं. कारण सापडत नाही."

"किती दिवस राहील?"

डॉक्टर प्रामाणिक होते. त्यांनी कागद गोळा केले आणि म्हणाले, "मला सांगता येणार नाही."

घरी येताना मावशी म्हणाली, "कागद मात्र माझे शंभरपैकी शंभर."

*

ठेंगणी दाढ काढायला गेली, त्या दिवशी मावशी एकटी होती. सकाळी घरी खाल्लेल्या अर्ध्या पावाची पिळणी अजून चालूच होती. तिने सुपात मीठ घातले, तेवढ्यात कळ उठली. पोत्यावर बसून तिने कळ जाऊ दिली. उठली तेव्हा मीठ घातले की नाही, हेच आठवेना. बरणीचे झाकण उघडे होते. ते घालण्यासाठी उघडले की घालून झाल्यावर उघडे राहिले?

चमचाभर जिभेवर टेकवले असते तरी कळले असते. पण चमचा ओठांशी नेताच पोट आधीच आवळले. भीतीने हात खाली आला. घातले असते तर झाकण लागलेच असते, एकोणीस वर्षांची हाताची सवय, असे मनाशी म्हणून तिने मीठ घातले. चवीचे ताट बादलीत ओतले. सही केली.

घंटा झाली. पहिल्याच चमच्याला मुलांनी तोंडे वाकडी केली. कोणी थुंकले, कोणी ओरडले, "समुद्र! समुद्र!" वाट्या पुढे सरकल्या. कोपऱ्यातली एक चिमुरडी तेवढी पीत राहिली. डोळ्यांत पाणी, पण पीत राहिली.

मावशी धावत गेली. "अगं, ठेव ते! खारट आहे ना?"

"आहे," मुलगी म्हणाली. "पण तू खाल्लंस ना आधी?"

मावशीने तिच्या हातातून वाटी काढून घेतली आणि सरळ मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत गेली. वही टेबलावर ठेवली. "आजची सही खोटी आहे. आठ महिन्यांतल्या सगळ्याच."

मोठ्या बाई रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी वहीची पाने आठ महिने मागे उलटत नेली. "मावशी, मीठ होतं म्हणून निभावलं. उद्या दुसरं काही असेल."

"कळतंय मला."

"बरं वाटेपर्यंत दुसरं काम घ्या."

"बरं वाटेपर्यंत म्हणू नका, बाई. ताटं पुसायला कोणी लागतंच ना? ती पुसते."

*

स्वयंपाक आणि चवीचे ताट आता ठेंगणीकडे आले, पण शाळेकडून नवा कोट वर्षभर तरी येणार नव्हता. ठेंगणी कोट मागायला आली नाही, दोन दिवस तोंडही लपवत होती. शेवटी मावशीनेच तो दुपारी नवऱ्याच्या दुकानात आणून मशीनवर ठेवला.

"तिच्या मापाचा करायचाय. खालून आखूड करा, बाजूंनी सोडा."

त्याने कोट उलटा केला. आत टाक्यांच्या चार ओळी होत्या, एकीच्या आत एक. त्याने पाते उचलले, पण हात चालेना. मावशीने त्याच्या हातातून ते घेतले आणि स्टुलावर बसून स्वतः उसवू लागली. टाका टाका तुटत गेला. आतले कापड बाहेर आले, तसेच नवे, गडद निळे. उन्हापाण्याने फिकट झालेल्या कोटात अगदी वेगळे दिसणारे.

"थोडी ठेवू का आत?" त्याने हळूच विचारले.

"नको. सगळी सोडा. तिला पुरायला हवा."

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला भिंतीपलीकडे सूर लागला. "बे एके बे!" ठेंगणी चवीच्या ताटाशी बसली. तिने मान वर केली नाही. हात तोंडाकडे जाई, तशी कोटाच्या दोन्ही कुशींवर तळव्याएवढी रुंद गडद पट्टी दिसे.

मावशी दाराजवळ ताटे पुसत होती. ओळीला दोन. "बे दाही वीस"ला विसावे ताट तिने ढिगावर ठेवले. तोंडात काही नव्हते, तरी ती गिळायला थांबली.